अठरा वेळा हरलेली एरिका केन (सुझन लुची आणि दुपारी एकची मालिका)

एडिसनची_माई | सोमवार, रात्री ९:१२

परवा मराठी मालिकांना शिव्या घालायच्या धाग्यावर (तो आता चारशे प्रतिसादांच्या पुढे गेलाय) मी सहज लिहून गेले, "तुम्ही एरिका केन बघितली नाहीत म्हणून बोलताय." तिघांनी विचारलं, ही कोण? उत्तर लिहायला बसले आणि ते लांबतच गेलं, म्हणून वेगळा धागा. ज्यांना मालिका या प्रकाराचीच अॅलर्जी आहे त्यांनी इथूनच मागे फिरावं, नंतर कुरकुर नको.

१९९३ च्या हिवाळ्यात लग्न होऊन न्यू जर्सीला आले. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बायको म्हणजे नोकरी करायची परवानगी नाही, गाडी येत नाही, बाहेर गुडघाभर बर्फ. पुण्याला पत्र पोचायला दहा-बारा दिवस, फोनचा मिनिटाचा दर ऐकला की तोंड आपोआप मिटायचं. आमच्या खालच्या मजल्यावर एक इटालियन वंशाच्या आजी राहायच्या. एकदा जिन्यात भेटल्या, माझं तोंड बघितलं आणि म्हणाल्या, "उद्या एकच्या आधी ये, जेवून ये." गेले. टीव्ही लावला, बोटानं गप्प बसायची खूण केली आणि पुढचा एक तास आम्ही 'ऑल माय चिल्ड्रन' बघितलं.

सुरुवातीला मला ओ की ठो कळेना. एक ठेंगणी, काळ्याभोर केसांची, हिऱ्यांनी मढलेली बाई सगळ्यांवर डाफरत होती आणि सगळे ऐकून घेत होते. आजी म्हणाल्या, ही एरिका. मग जाहिरातीच्या मधल्या वेळेत तिच्या नवऱ्यांची नावं सांगायला लागल्या: मार्टिन, ब्रेंट, कडही, चँडलर, रॉय, माँटगोमेरी, मॅरिक. त्यातलं तिसरं मी कित्येक दिवस 'कढई' असंच ऐकत होते. त्यात काही जणांशी तिनं दोनदा लग्न केलेलं, काही लग्नं कायद्यानं लागलेलीच नव्हती. मी एम.कॉम. झालेली बाई, पण हा ताळेबंद मला जुळवता येईना. शेवटी आजींनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मला सगळी वंशावळ काढून दिली.

ती बाई म्हणजे सुझन लुची. जन्म २३ डिसेंबर १९४६, न्यूयॉर्कजवळ स्कार्सडेलचा, वाढली लाँग आयलंडवर. वडील इटालियन वंशाचे, त्यामुळे आमच्या आजींना ती 'आमच्यातली' वाटायची. (आपण नाही का, सत्तर वर्षांपूर्वी गाव सोडलेल्या नटाचं आडनाव वाचून "हे आमच्या सावंतवाडीकडचे" म्हणतो, तसंच.) १९६८ मध्ये कॉलेज संपवलं, १९६९ मध्ये हेल्मुट हुबर नावाच्या ऑस्ट्रियन माणसाशी लग्न केलं. हा शेफ होता, हॉटेलच्या धंद्यातला. पुढे त्यानं तिचं सगळं कामकाज सांभाळलं. पडद्यावर दहाएक लग्नं करणारी ही बाई घरी एकाच नवऱ्याबरोबर ५२ वर्षं राहिली. तो २०२२ मध्ये गेला.

५ जानेवारी १९७० ला एबीसी वाहिनीवर ही मालिका सुरू झाली. लिहिणारी अॅग्नेस निक्सन. पेनसिल्व्हेनियातलं 'पाइन व्हॅली' हे काल्पनिक गाव आणि त्या गावातली वाया गेलेली, देखणी, बापानं टाकलेली शाळकरी पोरगी म्हणजे एरिका. सुझन तेव्हा २३ वर्षांची होती. सुरुवातीला अर्ध्या तासाची असलेली मालिका १९७७ मध्ये तासाभराची झाली. शेवटचा भाग २३ सप्टेंबर २०११ ला दिसला. मधल्या एक्केचाळीस वर्षांत दहा हजारांहून जास्त भाग झाले, आणि एरिका बदलली नाही, म्हणजे नटी बदलली नाही. आपल्याकडे नायिका बाळंतपणाला गेली की दुसऱ्या दिवशी चेहरा बदलतो आणि सासू म्हणते, "सूनबाई, आज काहीतरी वेगळ्या दिसताय." सुझनला या काळात दोन मुलं झाली, तरी ती परत आलीच.

आता ज्या गोष्टीसाठी तिचं नाव जगाला माहीत आहे, ती. डेटाइम एमी म्हणजे दिवसा दाखवल्या जाणाऱ्या कार्यक्रमांचं मोठं पारितोषिक. तिला पहिलं नामांकन १९७८ मध्ये, मग १९८१ ते १९८३, मग १९८५ पासून दरवर्षी. आणि दरवर्षी हार. ठेवणीतला पोशाख घालून जायचं, कॅमेरा तोंडावर असताना दुसरीचं नाव ऐकायचं, हसत टाळ्या वाजवायच्या आणि घरी यायचं. अठरा वेळा. ती अमेरिकेत चक्क म्हण झाली. एखादा संघ अंतिम सामन्यात सारखा हरला की त्याला 'सुझन लुची' म्हणायचे. तिनंही ते अंगावर घेतलं. साखरेऐवजी वापरायच्या गोड पुडीच्या जाहिरातीत ती एमी न मिळाल्याबद्दल थयथयाट करते, १९९० मध्ये 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या विनोदी कार्यक्रमाची यजमान झाली तेव्हा तिच्या आजूबाजूला सगळे, अगदी पडद्यामागची माणसंसुद्धा, हातात एमी घेऊन फिरतायत असा विनोद केला होता.

सगळ्यात जिव्हारी लागणारं वर्ष १९९५. मी बघायला लागले त्याच सुमाराला मालिकेत एरिकाची टाकून दिलेली मुलगी केंडल परत आली होती. ते काम करणारी पोरगी सारा मिशेल गेलर (हो, तीच, नंतर 'बफी' मालिकेची नायिका झालेली). तिला अठराव्या वर्षी एमी मिळाली. पडद्यावरची आई त्याच समारंभातून रिकाम्या हातानं घरी गेली. आजी त्या दिवशी टीव्हीकडे बघून इटालियनमध्ये काहीतरी बोलल्या. मला भाषा येत नव्हती, तरी अर्थ कळला.

२१ मे १९९९, शुक्रवार. तोवर आम्ही न्यू जर्सीतच एडिसनला घर घेतलं होतं, मला नोकरी लागली होती, मालिका मागे पडली होती. रात्री फोन वाजला. इतक्या उशिरा भारतातूनच येतो म्हणून माझ्या पोटात गोळा. उचलला तर आजी. नुसतंच "मिळालं!" आणि रडणं. मी टीव्ही लावेपर्यंत सगळं प्रेक्षागृह उभं होतं आणि टाळ्या थांबत नव्हत्या, सुझन बोलायला तोंड उघडायची आणि परत टाळ्या. नाव वाचणाऱ्या शेमार मूर या नटानं ते वाचायच्या आधी एवढंच जाहीर केलं होतं की ती मालिका आज खंडित झाली. हरायची मालिका.

पण खरं सांगू का, मला या अठरा वेळांचं कौतुक फार नाही. सगळे तेवढंच सांगतात, जणू ती बाई हरण्यासाठीच जन्माला आली होती. मला तिचं जे मोठं वाटतं ते म्हणजे हजेरी. लाँग आयलंडवरच्या घरातून पहाटे निघायचं, मॅनहॅटनच्या स्टुडिओत पोचायचं, रात्री पाठ केलेली पानंच्या पानं बोलायची, परत यायचं, दुसऱ्या दिवसाची पानं पाठ करायची. चाळीस वर्षं.

१९९४ चं एक सांगते आणि थांबते. एरिकाची आई मोना. ते काम करणाऱ्या फ्रान्सिस हेफ्लिन पहिल्या वर्षापासून होत्या. १९९४ च्या जूनमध्ये त्या खरोखर वारल्या. मालिकेतही मोना झोपेत गेल्याचं दाखवलं. तो भाग आम्ही दोघींनी एकत्र बघितला. चोवीस वर्षं जिच्या मांडीवर डोकं ठेवून रडायचा अभिनय केला, तिच्यासाठी खरं रडताना पण परत अभिनयच करायचा. सुझननं त्या दिवशी एरिकाचा सगळा थाट काढून ठेवला होता. मी तोवर अमेरिकेत रडले नव्हते, आईची आठवण आली तरी. त्या दिवशी आजींच्या सोफ्यावर बसून रडून घेतलं. त्यांनी काही विचारलं नाही, टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला.

---

नाना_खवचट | सोमवार, रात्री ९:४०

म्हणजे ४१ वर्षं चालणाऱ्या मालिकेचं पाप फक्त आपल्या माथी नाही. बरं वाटलं.

जाता जाता, मिसेस कढई वाचून हसून हसून पुरेवाट.

---

पेठेतली_सई | सोमवार, रात्री १०:०५

माई, काय सुंदर लिहिलंयस गं. ही मालिका आपल्याकडे नव्हती, पण नव्वदीच्या सुरुवातीला केबल आली तेव्हा स्टारवर 'सांता बार्बरा' आणि 'द बोल्ड अँड द ब्यूटिफुल' लागायच्या. आमच्या वाड्यात एकच केबल, घाटपांड्यांकडे. त्यांच्या आजी अख्खं 'बोल्ड' बघायच्या, चुंबन आलं की "ईऽऽ" म्हणून पदर तोंडावर घ्यायच्या आणि पदराआडून बघायच्या. इंग्रजी एक शब्द येत नव्हतं, पण त्यातल्या नायकाचं, रिजचं, कुणाशी चाललंय ते आम्हाला सांगायच्या.

---

डब्यातला_लाडू | सोमवार, रात्री १०:३१

बावळट प्रश्न. 'सोप' का म्हणतात? साबणाचा काय संबंध?

---

एडिसनची_माई | सोमवार, रात्री १०:५८

बावळट अजिबात नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत रेडिओवर दुपारच्या मालिका सुरू झाल्या. त्या वेळी घरी कोण? बायका. बायका काय विकत घेणार? साबण. त्यामुळे प्रॉक्टर अँड गॅम्बलसारख्या साबण कंपन्या नुसती जाहिरात देऊन थांबल्या नाहीत, मालिकाच काढायला लागल्या. आज आपल्याकडे एरियल, टाइड विकणारी तीच कंपनी. 'गाइडिंग लाइट' नावाची मालिका १९३७ मध्ये रेडिओवर सुरू झाली, मग टीव्हीवर गेली आणि २००९ मध्ये संपली. ७२ वर्षं. नाना, झोप येईल ना आता?

ती सुरू करणारी लेखिका इर्ना फिलिप्स. अॅग्नेस निक्सन तिच्याच हाताखाली तयार झाली. म्हणजे हा सगळा धंदा बायकांनी बायकांसाठी लिहिलेला, साबणवाल्यांच्या पैशावर.

---

नाना_खवचट | सोमवार, रात्री ११:१०

७२ वर्षं! आमच्या सोसायटीचा कन्व्हेयन्सचा खटला तेवढा चालेल असं वाटतंय.

---

सेटवरचा_भाऊ | मंगळवार, पहाटे १:२५

एरवी वाचनमात्र असतो, पण हजेरीचा मुद्दा वाचून राहवलं नाही. ठाण्याला घोडबंदर रोडवर मालिकांच्या सेटवर बरीच वर्षं काम करतोय, कुठल्या ते विचारू नका.

लोकांना वाटतं मालिकेतला अभिनय म्हणजे तीन वेळा मान वळवायची आणि मागे ढॅणऽऽ. अहो, सकाळी सातचा कॉल, मेकअप, नऊला पहिला शॉट. कागद हातात कधी येतात? कधी आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर, कधी शॉटच्या अर्धा तास आधी, कारण वनलाइन (म्हणजे सीनचा थोडक्यात आराखडा) चॅनलनं रात्री बदलून पाठवलेली असते. बँक नसली (म्हणजे पुढचे भाग शूट होऊन पडलेले नसले) तर आज शूट, उद्या टेलिकास्ट. मोठे सीन असले की बारा-तेरा तास. त्यात वीस-बावीस सेकंदांचं वाक्य एका दमात, डोळ्यांत पाणी, आणि मग लाइटवाला म्हणतो, "मॅडम, सावली पडली, एकदा परत." परत तेच पाणी काढायचं. रंगभूमीवरचा मोठा नट पहिल्या आठवड्यात इथे घामाघूम झालेला मी बघितलाय. आणि केलेल्या कामाचे पैसे नव्वद दिवसांनी. तेही वेळेवर आले तर. एका निर्मात्यानं आम्हा चार जणांचे तीन महिन्यांचे बुडवलेत, अजून फोन उचलत नाही.

माईंनी लिहिलंय की १९७० पासून. त्या काळी व्हिडिओ टेप कापून जोडणं म्हणजे खर्चाचं आणि कटकटीचं काम, त्यामुळे नाटकासारखं सलग चित्रित करायचे. चुकलात तर बहुतेक वेळा चूक तशीच जायची. अशा पद्धतीत जी बाई तयार झाली, ती चार दशकं टिकली यात नवल नाही. आमच्याकडे एक ज्येष्ठ बाई आहेत, वय सत्तरीच्या पुढे. त्यांना कधी दुसरा टेक लागत नाही. नवीन पोरं त्यांना बघून आधी घाबरतात आणि मग त्यांच्या खुर्चीजवळ घुटमळायला लागतात. त्यांना कुणी कधी बक्षीस दिलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही.

---

पेठेतली_सई | मंगळवार, सकाळी ८:१५

भाऊ, लिहीत जा की हो! पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

मुक्ता_म | मंगळवार, दुपारी १२:४०

धागा छान, पण थोडं विरुद्ध लिहिते. माई, तू एरिकाला फारच मखरात बसवलंयस. मी अमेरिकेतच वाढलेय, आई बघायची म्हणून ही मालिका माझ्याही वाट्याला आली. तिचं मोठेपण सांगायचं तर १९७३ सांगायला हवं होतं. त्या जानेवारीत इथल्या सर्वोच्च न्यायालयानं गर्भपाताचा हक्क मान्य केला आणि त्याच वर्षी एरिकानं मॉडेलिंगचं काम हातचं जाऊ नये म्हणून गर्भपात केला. कायदेशीर गर्भपात दिवसाच्या मालिकेत दाखवायची ही पहिलीच वेळ. ती पश्चात्तापानं वेडी झाली नाही, मेली नाही. जगली. हे १९७३ मध्ये, दुपारी, बायका इस्त्री करत असताना!

आणि मग त्याच मालिकेनं २००५-०६ मध्ये काय केलं? तर म्हणे तो गर्भपात झालाच नव्हता. डॉक्टरनं तो गर्भ गुपचूप काढून स्वतःच्या बायकोच्या पोटात ठेवला आणि आता तो मुलगा, जॉश, मोठा होऊन पाइन व्हॅलीत हजर. विज्ञानाचं सोडा, एका बाईनं स्वतःच्या शरीराबद्दल घेतलेला निर्णय तीस वर्षांनी लेखकांनी खोडून टाकला. माझ्या आईनं त्या दिवशी टीव्ही बंद केला तो कायमचा. अशा पटकथेत नटीची हजेरी काय करणार?

---

एडिसनची_माई | मंगळवार, दुपारी २:०५

मुक्ता, शंभर टक्के मान्य. जॉशचं प्रकरण मी मुद्दाम टाळलं होतं, लाज वाटते म्हणून. तोवर मी नियमित बघत नव्हते, पण आजींनी फोनवर सांगितलं तेव्हा मला वाटलं त्यांची औषधं बदलली असावीत.

तरी दुसरी बाजूही लिहिते. एरिकाची धाकटी मुलगी बियांका २००० च्या अखेरीस आईला सांगते की मला मुली आवडतात. आणि एरिका, जिनं आयुष्यभर स्वतःच्या मनासारखं केलं, ती ते पचवू शकत नाही. वेळ लागतो, चुका करते, मुलीला दुखावते. सुझननं ती चीड आणि ते प्रेम एकाच चेहऱ्यावर ठेवलं होतं. आदर्श आई दाखवणं सोपं होतं. १९९६ मध्ये वेदनाशामक गोळ्यांचं व्यसन लागून एरिका बेटी फोर्ड व्यसनमुक्ती केंद्रात गेली, तेव्हाही असंच. म्हणजे पटकथेनं दिलं की ही बाई सोनं करायची, आणि पटकथेनं अस्वल दिलं की अस्वलाशी भांडायची.

---

डब्यातला_लाडू | मंगळवार, दुपारी २:११

अस्वल???

---

एडिसनची_माई | मंगळवार, दुपारी २:३०

हो. ऐंशीच्या दशकात एकदा जंगलात तिच्यासमोर भलंमोठं अस्वल येतं. ती पळत नाही. आपण कोण आहोत ते त्याला ठणकावून सांगते आणि हाकलून लावते. अस्वल जातं.

---

नाना_खवचट | मंगळवार, दुपारी २:३४

आमच्या हिला सांगू नका कुणी.

---

तालीम_मास्तर | मंगळवार, रात्री ८:५०

हरण्याबद्दल एक तांत्रिक मुद्दा. डेटाइम एमीत वर्षभराचं काम बघत नाहीत. नामांकन मिळालेल्या नटानं आपल्या निवडक भागांची टेप द्यायची आणि परीक्षक ती बघून ठरवतात. आता विचार करा, वर्षाला अडीचशेच्या आसपास भाग. मालिकेतल्या नटाची खरी कमाई त्या अडीचशेत सांडलेली असते: सोमवारी टाकलेला एक कटाक्ष, ज्याचा अर्थ तीन आठवड्यांनी शुक्रवारी कळतो. ज्यानं ती मालिका बघितलीच नाही अशा परीक्षकासमोर एक तास ठेवला तर त्याला काय दिसणार? एक भडक बाई. ज्यांच्या वाट्याला त्या वर्षी मरण, आजार किंवा वेड आलं, त्यांची टेप चांगली दिसणार. सुझन लुची अठरा वेळा का हरली याचं निम्मं उत्तर मला यातच दिसतं.

निम्मं एवढ्यासाठी की उरलेलं निम्मं म्हणजे इतर नट्याही चांगल्या होत्या. ते आपण चाहते विसरतो.

अवांतर: आपल्याकडे उलटं उदाहरण आहे. रोहिणी हट्टंगडी. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेल्या, 'गांधी'तल्या कस्तुरबांसाठी बाफ्टा हे ब्रिटिश पारितोषिक मिळवलेल्या. सगळी बक्षिसं आधी मिळाली आणि मग २००१ मध्ये ई टीव्ही मराठीवर 'चार दिवस सासूचे' सुरू झाली. दहा वर्षांहून जास्त चालली, तीन हजारांवर भाग. आशालता देशमुख! तेव्हा कितीतरी नाटकवाले हळहळले होते, "बाई वाया गेल्या." मीही त्यांतलाच. नंतर आई आजारी असताना तिच्या पलंगाशी बसून रोज संध्याकाळी बघावी लागली. वाक्य कसलंही असो, बाई ते खोटं बोलत नव्हत्या. सुनेला टोमणा मारायच्या आधी त्या किंचित थांबायच्या, आणि त्या थांबण्यातच सगळी सासू असायची.

---

सेटवरचा_भाऊ | मंगळवार, रात्री ११:४५

मास्तर, टेपच्या मुद्द्याला +१. आणि 'थांबणं' हे कागदावर लिहिलेलं नसतं, एवढंच सांगतो.

---

डॉ_गोडबोले | बुधवार, सकाळी ७:२०

सुझन लुची मला वेगळ्याच कारणानं माहीत आहे. मी हृदयरोगतज्ज्ञ, मालिका बघत नाही (बायको बघते, आवाज कानावर येतो). २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये तिला एका दुकानात असताना छातीत दाब जाणवला. वय ७१, रोज व्यायाम करणारी, बारीक, खाण्याची शिस्त असलेली. तिनं आधीही अशी लक्षणं येऊन गेली तेव्हा दुर्लक्ष केलं होतं. त्या दिवशी दुकानाच्या व्यवस्थापक बाईंनी तिला गाडीत घालून रुग्णालयात नेलं. मुख्य धमनीत ९० टक्के अडथळा होता, दुसरीतही बराच. दोन स्टेंट घातले. झटका येण्याआधी पोचली म्हणून वाचली. पुढच्या वर्षी तिनं हे सगळं उघडपणे सांगितलं आणि अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या बायकांसाठीच्या मोहिमेत उतरली.

इथे बायका बऱ्याच आहेत म्हणून लिहितो. बायकांमध्ये दरवेळी सिनेमातल्यासारखी छाती धरून पडायची कळ येत नाही. धाप लागणं, जबड्यात, पाठीत, खांद्यात दुखणं, मळमळ, विनाकारण थकवा, असंही असतं. "अॅसिडिटी असेल" म्हणून ओवा खाऊन स्वयंपाकाला लागणाऱ्या बायका मी दर आठवड्याला बघतो. पाहुणे जेवून जाईपर्यंत थांबलेल्याही.

---

पेठेतली_सई | बुधवार, सकाळी ९:०२

डॉक्टर, शेवटचं वाक्य वाचून गप्प झाले. माझ्या काकूनं हेच केलं होतं. गौरी जेवायच्या दिवशी.

---

नवा_मुलगा | बुधवार, दुपारी ४:१५

पहिलाच प्रतिसाद, चूकभूल माफ. मालिका बंद का झाली मग? आणि सुझन आजी आता काय करतात?

---

एडिसनची_माई | बुधवार, संध्याकाळी ६:३०

स्वागत रे. बायका नोकरीला लागल्या हे पहिलं कारण, त्यात मी पण आले. दुपारी एकला घरी उरलं कोण? १९९५ मध्ये ओ. जे. सिम्पसन या प्रसिद्ध खेळाडूवरचा खुनाचा खटला महिनोन् महिने थेट दाखवला, त्यापायी दुपारच्या मालिका वारंवार रद्द व्हायच्या. सवय तुटलेले कितीतरी प्रेक्षक परत आलेच नाहीत. मग खर्च. २०१० च्या सुरुवातीला सगळं बिऱ्हाड न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला हलवलं आणि एप्रिल २०११ मध्ये बंद करत असल्याचं जाहीर केलं. चाळीस वर्षं न्यूयॉर्कमध्ये काम केलेल्या बाईला तिकडे नेऊन वर्षा-सव्वा वर्षात नारळ! जागेवर कुठला कार्यक्रम आणला? तर स्वयंपाकाच्या गप्पांचा. शेवटच्या भागात एका बंगल्यात सगळे जमलेत, अंधार होतो आणि गोळी सुटते. कुणाला लागली ते न सांगता संपवलं. २०१३ मध्ये काही महिने इंटरनेटवर परत काढली, पण त्यात एरिका नव्हती, म्हणून मी बघितली नाही.

सुझननं नंतर 'डिव्हियस मेड्स' नावाच्या मालिकेत २०१३ ते २०१६ काम केलं. त्याआधी मालिका चालू असतानाच ब्रॉडवेवर 'अॅनी गेट युअर गन'मध्ये काही आठवडे उभी राहिली, २००८ मध्ये नाचाच्या स्पर्धेतही. डिसेंबर २०२३ मध्ये तिला जीवनगौरव एमी मिळाली, आणि द्यायला कोण, तर तोच शेमार मूर.

---

मुक्ता_म | बुधवार, संध्याकाळी ७:१०

माई, काल जरा तिखट लिहिलं गेलं. आईला तुझा धागा फोनवर वाचून दाखवला. १९९४ चा मोनाचा भाग तिला आठवतो म्हणाली. आणि विचारतेय, त्या खालच्या मजल्यावरच्या आजींनी काढलेली वंशावळ अजून आहे का?

---

एडिसनची_माई | बुधवार, रात्री ९:००

तुझ्या आईला नमस्कार सांग, आणि तिखट वगैरे काही नाही.

आहे. १९९२ चं कॅलेंडर, बहुतेक त्यांच्या चर्चकडून मिळालेलं, पाठीमागे निळ्या बॉलपेननं काढलेली झाडं. नवऱ्यांना आकडे घातलेत, घटस्फोट झाला की लाल काट. मॅरिकच्या नावावर दोन काटा आहेत. खाली कोपऱ्यात मी मराठीत लिहिलंय, "कढई - तिसरा - बरा माणूस." दोन घरं बदलली, ते कॅलेंडर प्रत्येक वेळी हातातल्या सामानात आणलं. फोटो टाकायचा प्रयत्न करतेय, पण इथली आकाराची मर्यादा ओलांडतेय. दोन तुकड्यांत टाकावा लागेल.

---

नाना_खवचट | बुधवार, रात्री ९:०६

घाई करू नका. माझ्या हिनं हा धागा सकाळी वाचलाय. ती पण थांबलीये फोटोसाठी, आणि दुपारपासून माझ्याशी त्या अस्वलाशी बोलावं तशी बोलतेय.